काकूंनी वजन सांगितलं

घाटाच्या अकराव्या वळणावर गाडी बसली. इंजिन ओरडत होतं, सुनेचा पाय खाली दाबलेला होता, पण गाडी काही पुढे सरकेना. आधी जळक्या रबरासारखा वास आला, मग बॉनेटच्या फटीतून धुराची बारीक रेघ निघाली. सुनेने गाडी कशीबशी कडेला घेतली, हँडब्रेक ओढला आणि दोन्ही हात मांडीवर ठेवून बसून राहिली.

"काय झालं गं?" शेजारी बसलेल्या काकूंनी विचारलं.

"क्लच गेला, आई."

काकू यावर काहीच बोलल्या नाहीत. सुनेला तेव्हाच संशय यायला हवा होता. चौदा वर्षांत तिची सासू एकदाही गप्प बसली नव्हती. झोपेतसुद्धा ती कुणाला तरी झापत असायची.

काकूंचं भंगाराचं दुकान होतं. नवरा गेला तेव्हा पोरगा कडेवर होता, शिक्षण तिसरीपर्यंत आणि पदरात एक गंजका तराजू. त्या तराजूवर त्यांनी घर बांधलं, पोराला शिकवलं, मागचं आवार विकत घेतलं. आकडे त्यांना पुस्तकातून कधी आलेच नाहीत, हातातून आले. लोखंड उचललं की किलो कळायचे, आणि पुढे पुढे तर उचलायचीही गरज राहिली नाही. मांजर कुंपणावरून गेलं की म्हणायच्या, "साडेतीन." शेजारचा गाड्यांचा मिस्त्री सासुरवाडीहून परत आला की दारातच, "चार किलो वाढलास, सासरी काम करू देत नाहीत वाटतं." लोक हसायचे, पण माल घेऊन त्यांच्याकडेच यायचे. काट्याला बोट लावल्याचा बोल काकूंवर अख्ख्या आयुष्यात कुणी लावला नव्हता, आणि ही गोष्ट त्या दिवसातून चार वेळा तरी ऐकवायच्या.

सून मात्र अबोल. काकू तिला तोंडावर 'मुकं मडकं' म्हणायच्या. याच मुक्या मडक्याने छत्तिसाव्या वर्षी गाडी शिकायला घेतली. तीही आवारातच, लोखंडाच्या ढिगांमधून, आणि काकू पिंपावर बसून ओरडायच्या, "डावीकडं! अगं डावं म्हणजे जेवायचा नव्हे तो हात!" सहा महिन्यांत पोरीने पत्र्यांच्या दोन ढिगांमधून रिव्हर्स घेऊन दाखवला. दोन्ही बाजूंना एकेक वीत जागा राहिली होती. काकू त्या दिवशी म्हणाल्या, "हं, पत्रा वाचला." तिच्या पाठीमागे मात्र सगळ्या गल्लीला सांगून आल्या.

मग साठवलेल्या पैशांतून तिने ही जुनी गाडी घेतली. कारण एका दवाखान्याने तिला काम देऊ केलं होतं. घरोघरी जाऊन म्हाताऱ्याकोताऱ्यांच्या रक्ताचे नमुने घ्यायचे आणि दहाच्या आत दवाखान्यात पोचवायचे. अट एकच, गाडी स्वतःची हवी. सोमवारी पहिला दिवस होता. आज शनिवार.

तिचा हात अजून रस्त्यावर बसावा म्हणून आणि काकूंच्या थोरल्या बहिणीच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं होतं म्हणून, दोघी शुक्रवारी बहिणीकडे गेल्या होत्या. इथपर्यंत सगळं सरळ होतं. वाकडं झालं ते बहिणीच्या गल्लीतल्या बंद पडलेल्या छापखान्यापाशी. छापखानेवाला जुने खिळे विकायला बसला होता. खिळे म्हणजे छपाईची अक्षरं, शिशाची. अक्षरांशी काकूंचं कधी जमलं नाही, शिशाशी मात्र फार. भाव ऐकला आणि काकूंचं डोकं फिरलं. सून वर माडीवर मावशींचे पाय चेपत होती, तोवर खाली सोळा पिशव्या गाडीत गेल्या. दहा डिकीत, सहा मागच्या सीटच्या पायाशी. पिशव्या दिसायला किती, तर लहान उशीएवढ्या. शिशाची हीच लबाडी, दिसतं मूठभर आणि भरतं मणभर.

सून खाली आली तेव्हा तिने विचारलं होतं, "किती किलो आहे, आई?"

"दीडशे. फार तर."

"गाडी मागून बसल्यासारखी वाटतेय."

"तुझी गाडी आहेच बसकी."

आणि सून निमूट स्टिअरिंगमागे जाऊन बसली होती. काकूंनी सांगितलेल्या वजनावर घरात कुणी दुसऱ्यांदा विचारत नसे.

आता गाडी वळणावर उभी होती आणि चढ चढून येणारा प्रत्येक जण आपलं शहाणपण खिडकीतून टाकून पुढे जात होता. एक ट्रकवाला थांबला, वाकून वास घेतला आणि म्हणाला, "क्लचप्लेट जळाली. बायकांचं हेच. पाय उचलतच नाहीत क्लचवरून." खालच्या गावातल्या गॅरेजवाल्याला फोन लावला, तर तो म्हणाला की प्लेट मागवावी लागेल, बुधवारपर्यंत बघू. मग सुनेने नवऱ्याला फोन लावला. काकूंना ऐकू यावं म्हणून आवाज मोठा ठेवला.

"मी म्हणालो होतो," काकूंचा लेक पलीकडून म्हणाला. त्याचं प्रत्येक वाक्य तिथूनच सुरू व्हायचं. "चढावर अर्धा क्लच दाबून धरलास ना? तुला किती वेळा सांगितलं! तरी बरं, माणसं धड आहेत. आता त्या गाडीचं ओझं इथवर ओढून आणायला तिच्या किमतीएवढे पैसे जातील. आई आहे ना तिथे? तिला सांग, तिथेच कुणाला तरी भंगारात देऊन टाक. बसने या."

"पण घरी आपल्या आवारात अशीच दुसरी गाडी पडलीय ना, अपघातातली," सून हळूच म्हणाली. "तिचा क्लच चांगला आहे. मिस्त्रींनी उद्या बसवला तर सोमवारी..."

"आणि परवा पुन्हा जाळशील. सोड गं. सगळ्यांना सगळं जमलंच पाहिजे असं थोडंच आहे."

तो वाईट बोलत नव्हता, समजावत होता. म्हणूनच ते लागलं. सून बराच वेळ किलोमीटरच्या दगडावर बसून राहिली, डोळे पुसत. मग उठली, काकूंपाशी आली आणि गाडीची किल्ली त्यांच्या तळहातावर ठेवली.

"विकून टाका, आई. ते म्हणतात ते खरं आहे. मी पुन्हा नाही बसणार स्टिअरिंगवर. एखाद्या दिवशी रस्त्यात कुणाचं रक्त घेऊन अशीच अडकले तर? दवाखान्याला सोमवारी नाही म्हणून कळवते."

किल्ली काकूंच्या हातात होती. पाच-सहा तोळ्यांची असेल, पण हात खाली गेला. जीभ आतल्या आत वळवळत होती. एक वाक्य बोललं की काम होतं. पण ते वाक्य बोलायचं म्हणजे आपल्या तोंडाने आपला काटा खोटा म्हणायचा. आयुष्यभर ज्याच्या जोरावर ताठ मान केली, ते या उघड्या रस्त्यावर, सुनेसमोर. काकूंना ते जमेना. त्या एवढंच म्हणाल्या, "आधी गाडी घरी नेऊ. विकायची तर मी माझ्या आवारात विकेन. दुसऱ्याच्या काट्यावर नाही." आणि बंद गाड्या वाहून नेणाऱ्या टोचनवाल्याला बोलावलं.

टोचनवाला दीडच्या सुमाराला आला. सपाट पाठीचा ट्रक, कमरेला रुंद पट्टा आणि चेहरा असा की जणू रस्त्यातल्या सगळ्या बंद गाड्या त्याच्याच बहिणी. त्याने गाडीभोवती एक फेरी मारली.

"कुठवर न्यायची, मावशी?"

"एकशे नव्वद किलोमीटर. आणि मावशी म्हणून दर कमी होणार असेल तर मावशी म्हण, नाहीतर बाई म्हण."

"पंचेचाळीस किलोमीटरला."

"पंचेचाळीस? खांद्यावर घेऊन जाणार आहेस का?"

"परत येताना रिकामा यावं लागतं, मावशी."

"रिकामा येशील तर डिझेल कमी जळेल. तीस."

"तिसात तर माझा ट्रकच माझ्याकडे बघून हसेल. बेचाळीस."

"तो आत्ताच हसतोय, समोरचे दोन दात नाहीत बघ त्याला." खरंच पुढच्या जाळीच्या दोन पट्ट्या गायब होत्या. टोचनवाल्याला हसू आवरलं नाही, आणि भाव करताना जो हसला तो गेला. गाडी अडतीसवर ठरली. एकूण सात हजार दोनशे, वीस सोडून दिले. काकूंच्या अंगात जरा जीव आला. आपला रस्ता, आपला धंदा, आपली जीभ.

टोचनवाल्याने पावतीपुस्तक काढलं, पेन्सिलीला थुंकी लावली. "गाडी रिकामीच आहे ना? आत माल असला तर शंभर किलोपर्यंत काही नाही. त्यापुढे दर शंभराला बाराशे. अपुरा शेकडा पूर्ण धरतो. रिकामीच लिहितो."

त्याने वर पाहिलंसुद्धा नाही. काकूंच्या वयाची बाई, चेहऱ्यावर कुंकवाएवढासुद्धा कावेबाजपणा नाही, कोण कशाला शंका घेईल? हो म्हटलं की झालं. नाहीतर नुसती मान हलवली तरी पुरे.

काकूंनी सुनेकडे पाहिलं. ती दगडापाशी पाठमोरी उभी होती, फोन कानाला लावून. दवाखान्याचा नंबर लावला असणार. उभी कशी होती, तर नवी सून म्हणून आली तेव्हा उंबऱ्याबाहेर उभी होती तशीच, खांदे आत ओढून, आपण जागा कमी अडवावी म्हणून. चौदा वर्षांत ते खांदे कसे हळूहळू सुटे झाले होते, हे काकूंनी पिंपावर बसून पाहिलं होतं. आज ते पुन्हा आत गेले होते.

"फोन ठेव!" काकू एवढ्या जोरात ओरडल्या की टोचनवाल्याची पेन्सिल मोडली. "ठेव तो फोन खाली!"

सून दचकून वळली.

"रिकामी नाही," काकू टोचनवाल्याला म्हणाल्या. आता आवाज खाली आला होता, नेहमीपेक्षाही खाली. "शिसं आहे आत. तीनशे नव्वद किलो."

"किती?"

"तीनशे नव्वद. डिकीत दोनशे चव्वेचाळीस, मागे पायाशी एकशे सेहेचाळीस. लिही."

टोचनवाला गाडीच्या मागच्या चाकांकडे बघत राहिला. "अहो मावशी, एवढं घेऊन हा चढ? या गाडीने? क्लच जळेल नाहीतर काय होईल? चालवणारा देव असता तरी जळला असता."

"मला सांगू नकोस," काकू म्हणाल्या. "तिला सांग."

पण सुनेला कुणी सांगायची गरज नव्हती. ती जवळ आली होती. "आई," ती म्हणाली, "तुम्ही दीडशे म्हणाला होतात."

"म्हणाले होते."

"तुम्हाला ठाऊक होतं?"

"मला नसेल तर कुणाला असेल?"

"आणि दोन तास! दोन तास मी तिथे बसून रडतेय. तो ट्रकवाला बोलला, हे बोलले, मी स्वतःला बोलले. आणि तुम्ही इथे गाडीला टेकून ऐकत होतात?" तिचा आवाज चढत गेला. काकूंनी हा आवाज आजवर ऐकलाच नव्हता. मुक्या मडक्यात एवढं पाणी होतं तर! "माझा पाय चुकला नव्हता. मी वळणा-वळणाला बघत होते, कुठे चुकतंय, कुठे चुकतंय. दोनशेच्या वर आहे म्हटलं असतंत तर मी नेलंच नसतं!"

"म्हणून तर सांगितलं नाही."

"का पण?"

"हाव," काकू म्हणाल्या. एवढंच. त्याला झालर लावायची कशाला?

टोचनवाला बिचारा साखळ्या तपासायला लागला. तपासलेल्याच पुन्हा तपासत होता.

सुनेच्या हातातला फोन वाजला. नवरा होता. काकूंनी तो तिच्या हातातून काढून घेतला. "ऐक. तुझ्या बायकोचा पाय नव्हता. तुझ्या आईने चारशे किलो शिसं कोंबलं होतं आत आणि दीडशे सांगितलं. काय म्हणालास? हो, मीच. आता मिस्त्रीला जाऊन सांग, सकाळी क्लच बसवायचाय. आणि मघाशी जे बोललास ना, ते घरी आलो की तिच्यासमोर परत घ्यायचं. मी म्हणालो होतो, मी म्हणालो होतो! कावळासुद्धा एवढ्या वेळा एकच बोलत नाही." आणि फोन बंद केला.

टोचनवाला हिशेब घेऊन आला, घाबरत घाबरत. "सात हजार दोनशे, आणि वरच्या दोनशे नव्वदचे छत्तीसशे. दहा हजार आठशे होतात." मग वाट बघत उभा राहिला. घासाघीस होणार म्हणून त्याने आधीच आपला चेहरा दुःखी करून ठेवला होता.

काकूंनी कमरेची पिशवी सोडली आणि पैसे मोजून दिले. दहा हजार आठशे.

"मावशी... वरचे आठशे सोडू का?" त्यालाच राहवेना.

"वजन खरं आहे, दर तुझा ठरलेला आहे. सोडायचं काय त्यात?" सुनेचा हात पर्सकडे गेलेला पाहून त्या पुढे म्हणाल्या, "आणि तू पर्स आत ठेव. चूक माझी, पैसे माझे."

सुनेने पर्स बंद केली. तिने सासूला कोथिंबिरीच्या जुडीवरसुद्धा पाव तास भांडताना पाहिलं होतं.

गाडी ट्रकच्या पाठीवर चढली आणि तिघं पुढच्या केबिनमध्ये बसले. मध्ये काकू. पहिले पन्नास किलोमीटर फक्त ट्रकच बोलला. मग टोचनवाल्याला ती शांतता सोसवेना.

"मी एकवीस वर्षं टोचन करतोय," तो म्हणाला. "माझ्या या केबिनमध्ये नवरा-बायको बोलायला लागतात, भाऊ-भाऊ बोलायला लागतात. गाडी मागे बांधलेली असते ना, रागाने निघून जायची सोय नसते."

"तुझं वजन किती रे?" काकूंनी विचारलं.

"अठ्ठ्याऐंशी."

"ब्याण्णव. बायको खोटं बोलत असेल किंवा तुझा काटा."

सून खिडकीबाहेर बघत होती. काकूंना तिचा फक्त कान दिसत होता, आणि कानावरून माणसाचा राग कळत नाही. थोड्या वेळाने काकू समोरच्या रस्त्याला उद्देशून बोलल्या. "तीनशे नव्वद किलो शिसं, वर मी बासष्ट. एवढं घेऊन अकरा वळणं चढवलीस. तुझ्या नवऱ्याने तिसऱ्याला गाडी दरीत घातली असती."

"पाचव्याला," सून खिडकीकडे तोंड ठेवून म्हणाली.

"तू मोठ्या मनाची आहेस म्हणून. तिसऱ्याला."

कान जरा हलला. टोचनवाल्याने समोर बघत ओठ दाबले.

"मी अजून रागावलेली आहे, आई."

"रागव ना. कुणी अडवलंय? पाचशे किलोमीटर रागव, मी बसलेय इथे."

पोचले तेव्हा ऊन उतरत होतं. ट्रक गल्लीच्या तोंडाशीच अडला, आत वळेना. टोचनवाल्याने गाडी तिथेच खाली उतरवली. इथून आवाराचं फाटक साठ पावलांवर, आणि फाटकाच्या आत ढिगांमधून वाट. लेक चपला फटफटवत आला. काकूंनी त्याच्याकडे नुसतं पाहिलं. तो बायकोसमोर येऊन उभा राहिला, मान खाजवली आणि म्हणाला, "ते मघाचं... मी उगीच बोललो." मग सोळा पिशव्या एकेक करून आत नेऊन टाकल्या. आठवीनंतर त्याच्या तोंडून 'आई गं' सोडून दुसरं काही निघालं नाही. टोचनवाला निरोप घेऊन निघाला. जाताना सुनेला म्हणाला, "वहिनी, त्या वळणांवर मी स्वतः दोनदा अडकलोय."

आता गाडी ढकलत आत न्यायची होती. कुणीतरी स्टिअरिंगवर बसायला हवं होतं. लेक घाम पुसत पुढे आला आणि सवयीने हात पुढे केला. "आण किल्ली. मी बसतो, तुम्ही दोघी ढकला."

किल्ली परत सुनेकडे होती. वाटेत कधीतरी काकूंनी ती तिच्या मांडीवर ठेवून दिली होती. सून त्या पुढे आलेल्या हाताकडे बघत राहिली. मग गाडीकडे, मग फाटकाकडे.

काकूंच्या तोंडाशी आलं होतं, बस गं तूच. दात आवळून त्यांनी ते गिळलं. हे बोलून होण्यातलं काम नव्हतं. त्या चालत गाडीच्या मागे गेल्या, चप्पल घट्ट केली, दोन्ही तळहात डिकीवर टेकले आणि वाकून उभ्या राहिल्या. वाट बघत. त्यांना पुढचं काही दिसत नव्हतं, फक्त पत्रा.

दार उघडल्याचा आवाज आला. मग सुनेचा.

"तुम्ही मागे जा. आई एकट्या ढकलणार का?"

"अगं पण आत ढिगांमधून..."

"मला माहितेय आत काय आहे. मागे जा."

लेक गुपचूप आईशेजारी येऊन वाकला. काकूंनी त्याला कोपराने ढोसलं आणि मान खालीच ठेवली, कारण हसू दिसलं असतं.

हँडब्रेक सुटला. गाडी हलली, आधी इंचभर, मग पावलापावलाने. फाटकाशी सून खिडकीतून डोकं बाहेर काढून ओरडली, "आई, डावीकडून जोर लावा! डावीकडून!"

"लावतेय!" काकू म्हणाल्या. श्वास लागला होता, गुडघे कुरकुरत होते.

"अजून! थांबा. आता सोडा. सोडा म्हटलं ना!"

काकूंनी सोडलं. गाडी आपल्या आपण सरकत दोन ढिगांच्या मधून गेली आणि पत्र्याच्या शेडखाली उभी राहिली. दोन्ही बाजूंना एकेक वीत. सून उतरली, दार लावलं, हात झटकले.

"मिस्त्री सहाला येतील. क्लच उतरवताना उजेडाला बॅटरी धरायला कुणीतरी लागेल. तुम्ही उठाल?"

"उठेन," काकू म्हणाल्या.

"साडेपाचला उठा. तुम्हाला चहाला अर्धा तास लागतो."

एरवी या वाक्यावर घरात भूकंप झाला असता. लेक आशेने आईच्या तोंडाकडे बघत होता. काकूंनी गुडघा चोळला आणि नुसतं "बरं" म्हणून घराकडे चालू लागल्या.